रशियाच्या पोथीची फलश्रुती

॥ श्री ॥
पुनावळे, ता. २ डिसेंबर १९५६

चि. सौ. तानाबाई हिंदुराव हिस दौलतचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तू सासरी नीट पोचलीस असे चाकणच्या बाजारातून आलेल्या माणसाकडून कळले. फार समाधान वाटले. दाजींचा राग आता निवळला असेलच. संसारात भांड्याला भांडे लागायचेच, ते मनावर घेऊ नये. हाताला शेक देत जा.

देवळातले वाचन पार पडल्यावर ते रशियाचे पुस्तक ज्यांच्याकडून आणले होते त्या आबाजींना पुण्याला परत केले. पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे डाग पडल्याने ते थोडे रागावले. तुझी वहिनी कुसुम आठवण काढते. सासूबाईंस व मामंजींस माझा नमस्कार सांगावा.

दौलत


पुनावळे, संक्रांत, १४ जानेवारी १९५७

ताने,

मागचं कार्ड तू ऐकलं असशील. 'वाचलं' म्हणत नाही, कारण तुझ्या घरी पोस्टमन ओसरीवर बसून कार्डं मोठ्याने वाचतो आणि मामंजी हुंकार भरतात हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यात सगळं खुशाल होतं. हे पत्र आपल्या गावच्या गवराबाईच्या हाती देतोय. ती टोपली घेऊन चाकणच्या बाजाराला निघालीय, तिथून भामा नदीकाठी तुझ्या गावापर्यंत चालत जाईन म्हणाली. सोबत तिळगूळ आहे. गोड बोल असं म्हणायची माझी हिंमत नाही.

माझी बाजू मला एकदा मांडू दे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मांडतो. माणसाला आपली बाजू मांडताना फार बरं वाटतं.

मुळात ते पुस्तक देवळात न्यायचं माझ्या मनात नव्हतं. तात्याबांनी मला शाळेच्या पडवीत बसून डोळे पुसताना पाहिलं, तिथून सगळं सुरू झालं. चातुर्मासात पोथी वाचायला कुणी मिळत नव्हतं. दरसाल वाचणाऱ्या तात्याबांना आता पोथीची अक्षरं दिसेनाशी झालेली. ते म्हणाले, "मास्तर, येकटंच काय रडताय? आमालाबी सांगा की. समद्यांनी मिळून रडू." मी म्हटलं, हे पुस्तक रशियाचं आहे, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, ते इंग्रजीत आहे, आणि यात एकही देव नाही. ते म्हणाले, "मान्सं हायती ना? मग झालं."

दिवेलागणीला मी चौरंगावर पुस्तक ठेवायचो, एक पान मनात वाचायचो आणि मराठीत सांगायचो. लेखकाचं नाव तात्याबांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यांना 'रशियाचे बुवा' करून टाकलं. समोवार म्हणजे काय ते सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं, आपला बंब. मग सगळे हसले, कारण तिकडचे जमीनदार बंबातला चहा पितात. गेनूला तर बर्फाखाली नांगर कसा चालतो याचीच काळजी लागून राहिली होती. तू बायकांच्या मागे, खांबाला टेकून बसायचीस. डावं मनगट पदराखाली असायचं.

तुझा एकच प्रश्न मला आठवतो. तिकडच्या माणसांच्या नावात मधे बापाचं नाव असतं, आपल्यासारखंच, असं मी सांगत होतो. गोष्टीतली ती वार्वारा सोफ्रोनोव्ना, म्हणजे सोफ्रोनची लेक. बायांनी तिची वारूबाई केली होती. तू मागून विचारलंस, "दादा, लगीन झाल्यावर मधे नवऱ्याचं येतं का?" मी म्हटलं, नाही, मरेपर्यंत बापाचंच राहतं. बायांमधे कुजबुज झाली.

आता शेवटच्या दिवसाबद्दल. देवळाची रीत तुला माहीत आहे. पोथीत वाईट घडलं तर तिथे उठत नाहीत, गोड प्रसंग गाठूनच दिवा मालवतात. आणि समाप्तीला फलश्रुती लागते. पोथी ऐकली त्याचं फळ काय, ते कळल्याशिवाय कुणी प्रसाद घेत नाही. त्या रशियाच्या बुवांनी फलश्रुती लिहिलेलीच नव्हती. मी काय करणार? रीत सांभाळायला दोन वाक्यं पदरची घातली. शिवाय कुसुमचंही म्हणणं होतं की तू किती दिवस अशी राहणार. घर माझ्या एकट्याचं नाही.

मी तुला जा म्हटलं नव्हतं. एवढं लक्षात ठेव.

दादा


पुनावळे, २० मार्च १९५७

ताना,

गवराबाई परवा येऊन गेली. तुला गोठ्याशेजारच्या खोपट्यात ठेवलंय, हाताला पुन्हा मार लागलाय आणि हिंदुरावांनी तुला गावच्या विहिरीवर जायला बंदी केलीय, एवढं तिने सांगितलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आजच पत्र लिहितो. ती म्हणाली, "पत्र काय लिवता मास्तर? ती काय रशियात हाय?"

मला राग आला. तिच्या तोंडावर राग दाखवता आला नाही म्हणून घरात येऊन कुसुमवर काढला. कुसुम म्हणाली, "वन्सं माझ्या जिवावर जड झाल्या होत्या असं तुम्ही त्यांना कळवलंत का?" पत्र लिहिताना तिने खांद्यावरून वाचलं असावं. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला मी माझ्या ताटातलं वाढत होते. माझं नाव पुढे करू नका."

तर ते आधी खोडतो. कुसुम काहीही म्हणाली नव्हती. मी खोटं लिहिलं.

रीतीचंही खोटं. पुस्तकात शेवटी काय होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. शेवटची दीड पानं मी उघडी ठेवून बसलो होतो, नजर त्यांच्यावर होती आणि तोंडाने दुसरंच बोलत होतो. मी सांगितलं की नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या वारूबाईला आपली चूक कळली, ती नवऱ्याकडे परत गेली, नवऱ्याने दार उघडलं आणि बंब पेटवून तिला चहा दिला. बाया सुस्कारल्या. तात्याबांनी विचारलं, "मास्तर, फलश्रुती?" मी म्हटलं, जी बाई आपल्या घरी परत जाते तिला घर पुन्हा आपलं म्हणतं, हे या पोथीचं फळ.

बोलताना मी तुझ्याकडे बघत होतो, ताने. तू ते ओळखलंस. तात्याबा देवळातच म्हणाले, "जा पोरी, पोथीनंच सांगितलं." तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मी 'नको' म्हणेन म्हणून तू थांबली होतीस. मी पुस्तक फडक्यात बांधत राहिलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू गेलीस.

कारण सांगतो. समाप्तीच्या आधी तू मला म्हणाली होतीस, की पिंपरीला औषधांचा कारखाना निघालाय, तिथे बाटल्यांच्या कामाला बाया घेतात, मी जाऊ का. मी 'बघू' म्हटलं. मनात म्हटलं, पुनावळ्याच्या मास्तरची बहीण पदर खोचून भोंग्यावर कारखान्यात जाणार, लोक काय म्हणतील? तू नवऱ्याचा मार खायला गेलीस तर लोक काही म्हणणार नव्हते. एवढा साधा हिशेब होता माझा. आणि हाच माणूस पडवीत बसून रशियातल्या बायकांसाठी रडत होता.

मी येतो. शाळेच्या परीक्षा संपल्या की लगेच येतो.

दादा


पुनावळे, २२ मे १९५७

ताना,

हे पत्र कुठे पोचेल मला ठाऊक नाही. गवराबाई 'पोचवीन' म्हणाली. कुठे, ते विचारलं तर आपली टोपली उचलून चालू लागली.

मी काल तुझ्या सासरी गेलो होतो. परीक्षा एप्रिलात संपल्या हे तुला कळतंय, मलाही कळतं. आधी शाळेचे निकाल होते. मग ऊन फार होतं. मग कुसुमने मुकाट्याने माझी पिशवी भरून दारात ठेवली. तिने वर एक नवं लुगडं ठेवलं होतं. मोशीच्या पुढे बसमधे मी मनात वाक्यं जुळवत होतो. हिंदुरावांना काय म्हणायचं, मामंजींसमोर किती वाकायचं, पाणी आलं तर प्यायचं की नाही. सगळं फार छान जुळलं होतं.

ओसरीवर तुझ्या सासूबाई एकट्याच होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता काय न्यायाचं ऱ्हायलंय? तुमच्याकडंच आली न्हवं ती?" मी म्हटलं, कोण? त्या म्हणाल्या, "कोन म्हंजे? आठ दिस झालं गेलीया. कवाची भाईर पडली त्ये कुनालाच ठावं न्हाई. पावनं, तुमी कशापायी आलाय मग?"

बहीण आठ दिवस बेपत्ता आणि भाऊ लुगडं घेऊन मुराळी म्हणून आलाय! मी भामेच्या काठाने दोन्ही बाजूंना चालत गेलो. प्रत्येक विहिरीशी वाकून बघितलं. असं बघताना माणसाचं काय होतं ते मी लिहिणार नाही. संध्याकाळी गवराबाई मला चाकणच्या बस थांब्यावर दिसली. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "जिती हाय," एवढंच म्हणाली. मी तिथेच खाली बसलो.

निघताना सासूबाईंनी खोपट्याच्या कोनाड्यातली पुडी माझ्या हातात दिली होती. माझा तिळगूळ. मुंग्या लागलेला, पण पुडीचा दोरा तसाच. सोबतचं पत्र मात्र तिथे नव्हतं. म्हणजे पत्र तू नेलंस आणि तिळगूळ ठेवलास. बरोबर केलंस.

तू जिवंत आहेस आणि माझ्याकडे आलेली नाहीस. माझं दार तुला दार वाटलं नाही. याची मला इतकी लाज वाटतेय की काल कुसुमने भाकरी वाढली तर ताटाकडे बघवेना.

दादा


पुनावळे, ८ नोव्हेंबर १९५७

ताना,

काल देवळात समाप्ती होती. यंदा चिंचवडचे एक बुवा येऊन खरी पोथी वाचून गेले. त्यांची फलश्रुती झाली आणि प्रसादाचं पातेलं पुढे आलं, तेव्हा मी उठून उभा राहिलो. म्हटलं, गेल्या सालची माझी पोथी अपुरी आहे. तात्याबा म्हणाले, "आमी तर फळबी घेतलं की तिचं." मी म्हटलं, फळ खोटं होतं.

आबाजींकडून मी ते पुस्तक पुन्हा मागून आणलं होतं. ते चौरंगावर नाही ठेवलं, हातातच धरलं. तुलाही ती दीड पानं सांगतो, तुझा हक्क सगळ्यांच्या आधी होता.

वारूबाई नवऱ्याकडे परत जात नाही. ती बर्फातून भावाच्या घरी येते. भाऊ सरकारी कारकून, वाचणारा, हळवा. त्या संध्याकाळी त्याच्याकडे साहेबलोक पाहुणे आहेत. ती दार वाजवते. तो तिचा आवाज ओळखतो. पाहुणे विचारतात, कोण आहे? तो म्हणतो, भिकारीण असेल. दार उघडत नाही. सकाळी बाहेर येतो तर ती नाही. अंगणातल्या बर्फात तिची पावलं उमटलेली, दारापर्यंत आलेली आणि फाटकातून नदीकडे गेलेली. तो घरातून झाडू आणतो आणि पाहुणे उठायच्या आत ती पावलं स्वतः झाडून टाकतो. पुस्तक तिथे संपतं. ती जगली की मेली, बुवांनी लिहिलेलं नाही.

मग गवराबाई बोलली, "म्हंजे मास्तर, तुमी पोथीच झाडली म्हना." मी हो म्हटलं. सगळ्या गावासमोर हो म्हटलं, ताने.

तात्याबांनी सवयीने विचारलं, "आनि फलश्रुती?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "जा पोरी म्हनलो व्हतो मी. माज्या ह्याच तोंडानं म्हनलो व्हतो." त्या म्हाताऱ्याला रडताना बघून मला बरं वाटलं असतं तर मी आणखीच नीच ठरलो असतो, पण तसं झालं नाही. आम्ही दोघंही खाली बघत बसलो. लोकांनी हळूहळू प्रसाद घेतला. मी घेतला नाही.

बाहेर आल्यावर गवराबाई म्हणाली, "पिंपरीला हाय. माज्या भाचीच्या खोलीत ऱ्हाती. बाटल्यांच्या कामाला जाती." सहा महिने हे तिच्या पोटात होतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुमी काय सांगाल त्याचा काय भरवसा?"

उद्या येतो. या वेळी परीक्षाही नाहीत आणि ऊनही नाही.

दादा


पुनावळे, १४ नोव्हेंबर १९५७

ताना सोनबा,

तू मला पाहिलंस, हे गवराबाईने सांगितलं. "झाडामागं लपायाचं तर धोतर तरी येवडं पांढरं नसावं," असा तुझा निरोप तिने जसाच्या तसा दिला. मी हसलो, मग तोंड लपवलं.

मी पवनेचं पात्र ओलांडून सकाळीच पिंपरीला पोचलो होतो. फाटकाबाहेर बाभळीखाली उभा राहिलो. जरा अंदाज घेऊ, मग पुढे होऊ, असं स्वतःला सांगत होतो. तुम्ही बाया रांगेत उभ्या होतात आणि एकजण नावं पुकारत होता. त्याने पुकारलं, "तानाबाई सोनबा ढवळे!" आणि तू म्हणालीस, "हजर!"

आपल्या बापाला, आबांना, जाऊन किती वर्षं झाली. त्यांचं नाव असं मोकळ्या हवेत, मोठ्याने कुणी घेतलेलं मी ऐकलंच नव्हतं. आणि 'हजर' म्हणायला तुला मी शिकवलं होतं, ओसरीवर, पाटी घेऊन, मी मास्तर झालो त्याच्याही आधी. मी बाभळीमागून निघालोच होतो.

तेवढ्यात आपला गेनू आला. त्याच्या खांद्यावर फावडं होतं, तिथल्या बांधकामावर असतो तो. म्हणाला, "मास्तर! हितं कुनाला भेटाया आलाय?" रांग दहा हातांवर होती. मी म्हटलं, "कुणाला नाही. असाच आलो होतो."

तू वळून पाहिलं नाहीस. पण तुझी मान ताठ झाली, ते मला दिसलं. मग तू आत गेलीस.

देवळात मी सगळ्या गावासमोर खरं बोललो होतो ना? दोन दिवस छाती काढून फिरत होतो. आणि एका फावडेवाल्यासमोर मी पुन्हा म्हटलं, भिकारीण असेल. पुस्तकातल्या त्या कारकुनाचे पाहुणे निदान साहेबलोक तरी होते.

तीन दिवस मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. आज सकाळी उठून गेनूच्या घरी गेलो. तो दात घासत होता, त्याची बायको चुलीपाशी होती. दारातच उभा राहून मी म्हटलं, "गेनू, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझी बहीण ताना तिथे कामाला आहे. तिलाच भेटायला आलो होतो. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

गेनूने चूळ भरली. म्हणाला, "मग काय झालं मास्तर? आमची ही तर पैल्या दिसापासनं हाय तिथं. तानाबाईच्याच शेजारी बसती." चुलीपाशी त्याची बायको म्हणाली, "च्या घेता का?"

एवढंच होतं, ताने. ज्याला मी इतका भ्यालो, ते एवढंच होतं. यासाठी मी तुला त्या गोठ्यात धाडलं, यासाठी तुझा हात पुन्हा मोडला. जगाने मला काही म्हटलं असतं तर निदान माझ्या भिण्याला काही अर्थ तरी राहिला असता. त्या चुलीपाशी मी चहा प्यालो आणि कपातच रडलो. त्या दोघांनी दुसरीकडे बघून ते चालवून घेतलं.

'दादाला म्हनावं, पत्रं बास,' हा तुझा दुसरा निरोपही मिळाला. तर हे शेवटचं. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू माझं काही देणं लागत नाहीस.

शनिवारी संध्याकाळी भोंगा झाला की मी फाटकासमोर उभा असेन. रस्त्याच्या मधोमध, बाभळीपासून लांब. गेनू आणि त्याची बायकोही असतील. तू पुढून निघून गेलीस तरी मी पुढच्या शनिवारी येईन, आणि त्याच्या पुढच्याही. हाक मी मारणार नाही. पण कुणी विचारलं, मास्तर कुणाला भेटायला आलात, तर काय सांगायचं ते मी आज दिवसभर मोठ्याने म्हणून बघतोय. कुसुम आतून ऐकतेय.

तानाबाई सोनबा ढवळे. माझी सख्खी बहीण. तिला भेटायला आलोय.

दौलत सोनबा ढवळे